आज खाली कोण आहे?

वरच्या काकांच्या स्कूटरवर मागे बसलं की तोंड बंद ठेवायचं, हे कारखान्यातल्या एकानंही मला आधी सांगितलं नाही. मी नवी होते, मजा बघायची असेल सगळ्यांना! भिलाईत हथखोजच्या कारखान्यातून नेहरू नगरला घरी जायचा रस्ता तो केवढा. मी बसल्या बसल्या विचारलं, "काका, तुमी स्टील प्लांटमधून कधी रिटायर झाले?" गाडी हळू झाली, बाजूला लागली. काकांनी मला उतरवलं, गाडी स्टँडवर चढवली, हेल्मेट काढून सीटवर ठेवलं, माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, "सात वर्षं झाले." मग हेल्मेट घातलं, किक मारली, निघालो. मला वाटलं गाडीतच काही बिघाड असेल. पुढच्या चौकात मी विचारलं, "मंग आता पुन्हा नोकरी कावून करून राहिले?" पुन्हा स्टँड, पुन्हा हेल्मेट. घरी पोचेपर्यंत चारदा उतरले मी. चौथ्यांदा चिडून म्हटलं, "अहो, चालवता चालवता सांगा न!" तर म्हणाले, "चालवून राहिलो तर चालवतो. सांगून राहिलो तर सांगतो. तुले कोणतं पायजे ते बोल."

दोन्ही पायजे, असं म्हणायची हिंमत झाली नाही.

आमचा कारखाना म्हणजे पत्र्याचं एक मोठं शेड. मोठ्या प्लांटांना लागणाऱ्या लोखंडी टाक्या, हॉपर, डक्ट आम्ही बनवायचो. छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी क्रेन आणि क्रेनला लटकलेली काचेची केबिन. त्या केबिनमध्ये काका. खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं, पण दिवसभर ते वर असायचे म्हणून ते वरचे काका. विदर्भातून वडिलांच्या मागे लहानपणी भिलाईला आलेले, माझ्या बाबांसारखेच. घर भिलाईजवळच्या उतईला. पहिल्या दिवशी ते मला "जय भीम, पोरी" म्हणाले आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कारखान्यात दिवसभर हिंदी, मराठी फक्त घरातली. चला, कोणीतरी आपलं आहे इथे, असं वाटलं. ते सुख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी यादी पाहिली.

यादीबद्दल सांगायलाच हवं, त्याशिवाय माझी अवस्था कळायची नाही. मी ड्रॉइंग करायचे. टाकी कशी कापायची, कुठे जोडायची, उचलायला लोखंडी कान कुठे लावायचे, ते सगळं कागदावर माझ्याकडून जायचं. दोन वर्षांतली ही माझी तिसरी नोकरी होती. आधीच्या दोन्ही एकाच कारणानं गेल्या: मॅडमचं ध्यान नसतं. खरंच नसायचं, खोटं कशाला बोलू? एक ड्रॉइंग उघडलं की दुसरं आठवायचं, दुसरं उघडलं की फोन. म्हणून मी ध्यान कसं लावावं याचे व्हिडिओ पाहायचे. दोन-दोन तास पाहायचे! त्यातूनच शिकले होते: चार रंगांत यादी करायची, पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी, फोनवर गजर, काम झालं की हिरवी टिक. टिक केली की जीवाला काय बरं वाटायचं म्हणून सांगू! संध्याकाळी पानभर हिरव्या टिका असायच्या आणि ड्रॉइंगमध्ये चुका असायच्या.

इथेही पुढे लवकरच दोन चुका झाल्या. पत्रा वाया गेला, कोणाला लागलं नाही. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं, "मॅडम, एक गलती और, फिर आप घर बैठिए." हथखोजमधले मालक एकमेकांना ओळखतात. इथून गेले असते तर मला पुन्हा कोणी ड्रॉइंग बोर्डाजवळ उभं केलं नसतं. बाबांनी तर नातेवाइकांत माझ्या नोकरीचा विषय काढणंच बंद केलं होतं. ते मला रागावले असते तर चाललं असतं, पण ते काही बोलायचेच नाहीत आणि मला फार वाईट वाटायचं.

तर तिसऱ्या दिवशी काकांनी यादी पाहिली. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले, डबा बंद करून बाजूला ठेवला (जेवताना ते बोलत नसत आणि बोलताना जेवत नसत, त्यामुळे त्यांची सुट्टी सगळ्यांत लांब चालायची), आणि यादी वरून खालपर्यंत वाचली.

"हे लाल कावून?"

"अर्जंट आहे."

"अन् हे पिवळं?"

"ते पण अर्जंट आहे, पण थोडं कमी."

"यात माणूस कुठं आहे?"

"काका, कामाची यादी आहे. माणूस कशाला?"

"आज खाली कोण आहे, माहीत आहे तुले?"

मला काही समजलं नाही. "खाली म्हणजे?"

"तुह्या कागदाच्या खाली," असं म्हणून डबा उचलून ते जेवायला गेले.

आज खाली कोण आहे, हे त्यांचं रोजचं वाक्य होतं. सकाळी शिडी चढायच्या आधी ते तिच्या पायथ्याशी उभे राहून मोठ्यानं विचारायचे. खाली म्हणजे क्रेनच्या हुकाखाली. तिथे खलासी असतो. तोच माल बांधतो, तोच हातानं खुणा करतो, आणि वरचा माणूस त्या खुणांवर क्रेन हलवतो. आमच्याकडे बहुतेक वेळा खेमलाल असायचा, तिथलाच छत्तीसगढी, काटकुळा, सदा हसरा. काका सगळ्यांदेखत त्याची चौकशी करायचे. काय खाल्लं? बायकोचा ताप उतरला का? चप्पल घातली का बूट? मग फोन टॉवेलात गुंडाळून एका जादा, रिकाम्या डब्यात ठेवायचा, डबा खालीच ठेवायचा, खिशात एक पेरू टाकायचा आणि वर जायचं. नवीन वेल्डर लोक हसायचे. एकदा खेमलाल नुसता "खाया, खाया" म्हणाला, तर काकांनी त्याचं तोंड पाहिलं आणि शिडीवरून परत उतरले. खेमलालनं काही खाल्लं नव्हतं. त्याला पोहे खायला लावले आणि मगच क्रेन हलली. तोवर अर्धा तास सगळं शेड बसून! मालक घड्याळ बघत येरझारा घालत होते.

मालकांचं आणि काकांचं हे असंच चालायचं. एकदा मोठी गिऱ्हाईक पार्टी कारखाना पाहायला आली होती. मालकांना चेव चढला. खेमलालला बाजूला सारून स्वतःच हात हलवायला लागले: इकडे घ्या, तिकडे घ्या, वर, अजून वर. खेमलाल बिचारा मागून आपल्या खुणा करतोय. काकांनी क्रेन बंद केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. मालक खालून ओरडतायत. काका वर पेरू खातायत. पाहुणे एकदा वर बघतायत, एकदा मालकांकडे. शेवटी मालकांचे हात दमले म्हणा की लाज वाटली म्हणा, त्यांनी ते खाली घेतले. काकांनी पेरू संपवला, हात पुसले आणि खेमलालच्या खुणेवर माल अलगद जागेवर नेऊन ठेवला.

संध्याकाळी मी म्हटलं, "काका, मालक होते ते!"

"हात एकाचाच पाहायचा," ते म्हणाले. "शंभर जण हात हलवतात. शंभराकडं पाहिलं तर एकाचाही दिसत नाही."

"अन् दुसऱ्या कोणी थांब म्हटलं तर?"

"थांब कोणाचंही ऐकायचं. झाडूवालीचंही. अन् त्याले कावून विचारायचं नाही. एकदा कावून विचारलं की पुढच्या टायमाले तो हात वर करत नाही, विचारच करत बसते."

ही त्यांची नोकरीला येतानाचीच अट होती. पगार मालकांनी ठरवला, वेळ मालकांनी ठरवली, पण थांब म्हणणाऱ्याला कोणी जाब विचारायचा नाही, हे काकांनी कबूल करून घेतलं होतं. चांगला क्रेनवाला मिळत नव्हता म्हणून मालकांनी मान डोलावली. तोंड मात्र वाकडं केलं होतं, असं खेमलाल सांगायचा.

खरं सांगते, मला काकांचा राग यायचा. माझी नोकरी टांगणीला लागलेली, मी जीव तोडून ध्यान लावायची धडपड करतेय, आणि हा माणूस येता-जाता मलाच विचारतो, आज खाली कोण आहे? मला काय करायचंय! मी कागदावर रेघा काढते. एकदा स्कूटरवर मी हे सगळं फाडफाड बोलून टाकलं. गाडी थांबलीच. एका किराणा दुकानासमोर आम्ही उभे राहिलो, आणि त्यांनी मला जे सांगितलं ते मी तेवढ्याच शब्दांत सांगते.

"प्लांटमध्ये नवीन होतो. पहिल्यांदा पूर्ण शिफ्ट एकट्यानं काढली. एक चूक नाही. छाती अशी फुगली होती माही! खाली उतरलो तर एक माणूस समोर आला, हसला, म्हणे चला चहा पिऊ. मी म्हटलं, तुमी कोण? तो म्हणे, अरे, सकाळपासून तुह्या खाली मीच होतो न." काकांनी सीटवरचं हेल्मेट सरळ केलं. "आठ घंटे त्याच्या डोक्यावर लोखंड फिरवलं अन् मले त्याचं तोंड माहीत नव्हतं. काही झालं नाही, पोरी. काहीच झालं नाही. पण मले त्या दिवशी जेवण गेलं नाही."

मग म्हणाले, "लोखंडाकडं पाहून ध्यान लागत नाही. लाग म्हटल्यानं तर नाहीच नाही. कोणासाठी करून राहिलो ते समोर दिसलं, का आपोआप लागते."

मी "हो" म्हटलं. पटलं नव्हतं. घरी जाऊन ध्यानावरचा आणखी एक व्हिडिओ पाहिला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांतली गोष्ट. एका लांब टाकीचं ड्रॉइंग होतं. पार्टीनं मध्येच कळवलं की एका टोकाची प्लेट दुप्पट जाड हवी. मी जाडी बदलली. नेमका तेव्हाच सुट्टीचा गजर वाजला. मी यादीत हिरवी टिक केली आणि चहा घ्यायला गेले. टोक जड झालं की टाकी उचलायचे कानही त्या टोकाकडे सरकवावे लागतात, नाहीतर टाकी तोल सोडून वाकडी होते. एवढं पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण टिक झाली होती, आणि टिक झालेल्या कामाकडे मी परत कधी बघत नसे.

टाकी बनली. तिला हलवायचं त्या दिवशी सकाळी काकांनी शिडीजवळून मला हाक मारली, "पोरी, आज खाली कोण आहे?" मला सांगता आलं नाही. "च्च," असं करून ते वर गेले. ते "च्च" मला दुपारपर्यंत टोचत राहिलं. क्रेनची घंटा वाजली तेव्हा मी मुद्दाम उठून खिडकीशी गेले. आता संध्याकाळी विचारू दे पुन्हा, तोंडावर नाव फेकते, असं मनात होतं. माझं ऑफिस शेडच्याच कोपऱ्यात, दहा पायऱ्या वर, त्यामुळे सगळं दिसायचं. खाली खेमलाल होता.

काका कोणताही माल आधी वीतभरच उचलायचे. टाकीचं एक टोक उचललं गेलं. दुसरं खालच्या लाकडी ठोकळ्यांना धरूनच राहिलं. खेमलालला वाटलं, ते कुठेतरी अडकलंय. त्यानं एका हातानं "थोडा और" अशी खूण केली आणि दुसऱ्या हातात हातोडी घेऊन वाकला, ठोकळा मोकळा करायला, त्या न उचललेल्या टोकाच्या अगदी खाली. आणि मला ती हिरवी टिक आठवली.

अडकलं नव्हतं ते. जड होतं. आणखी उचललं तर टाकी तोल सोडून थेट त्याच्या अंगावर येणार होती.

मी दार उघडून पायऱ्यांवर आले. ओरडले की नाही, मला आठवत नाही. ग्राइंडरच्या आवाजात कोणाला ऐकू तरी काय येणार! थांबची खूण म्हणून दोन्ही हात आडवे पसरून उभी राहिले, बस. त्या क्षणी माझ्या मनात नोकरीचा विचार आला का, असं मला नंतर आईनं विचारलं. आला होता. हात पसरल्यावर आला. आता हे हात खाली घेतले की आपण घरी, असा स्पष्ट आला. पण हात पसरलेलेच होते.

क्रेन जागच्या जागी थांबली. मग हळूहळू, दूध उतू जाऊ नये म्हणून भांडं उतरवतात तशी, टाकी परत ठोकळ्यांवर बसली. खेमलाल बाहेर आला आणि इकडेतिकडे बघायला लागला, काय झालं म्हणून. मी पायरीवर बसले.

मालक धावत आले. माझ्याकडे बघून त्यांनी तोंड उघडलं, मग वर काकांकडे पाहिलं. अट आठवली असेल. मला काही विचारता येईना, म्हणून ते खेमलालवर उलटले. "तुझे बाँधना भी नहीं आता क्या? इतने साल क्या सीखा?" खेमलाल मान खाली घालून उभा. आपलंच काहीतरी चुकलं, असं त्यालाही वाटलं होतं.

आता गप्प बसले असते तर बसता आलं असतं. काका काही बोलणार नव्हते, त्यांचा नियमच तो. ड्रॉइंग कोणी इतक्यात काढून पाहणार नव्हतं. मला मोह झाला, कबूल करते. पण खेमलालचं ते खाली घातलेलं तोंड बघवेना. मी उठून खाली गेले आणि मालकांना म्हटलं, "भैया, उसने ठीक बाँधा है. कान ग़लत जगह पर हैं. ड्रॉइंग मेरी है."

मालक मला केबिनमध्ये घेऊन गेले. ग्लासभर पाणी प्यायले. मी पर्स उचलायच्याच तयारीत. ते म्हणाले, "मॅडम, आप चुप रहतीं तो मैं कल फिर वही टँक उठवाता." मग म्हणाले, "सही ड्रॉइंग कब तक देंगी?"

हुश्श! असा शब्द पुस्तकात लिहितात, पण माझ्या तोंडून तो खरोखर बाहेर पडला, मालकांसमोर.

मी टेबलाशी बसले. वजनाचा हिशेब पहिल्यापासून मांडला. कान सरकवले, पुन्हा तपासले, एकदा उलट बाजूनं तपासले. मग बाकीची सहा ड्रॉइंगही काढली, कारण त्यांच्याखालीही खेमलालच उभा राहणार होता. एकात गडबड निघाली. ती स्वतः जाऊन मालकांना सांगितली. मान वर केली तेव्हा शेड रिकामं होत होतं आणि ड्रॉवरमध्ये फोनचा गजर वाजून वाजून थकला होता. तीन तास! जन्मात पहिल्यांदा मी तीन तास एका जागी बसले होते, आणि मला ते कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कान नव्या जागी जोडले. मी पायऱ्यांवर उभी. टाकी वीतभर उचलली, थांबली, एकदम सरळ. मग वर गेली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. खेमलाल म्हणाला, "काबर रोवत हव मॅडम? उठ तो गे!" उठली तर होतीच. म्हणूनच रडत होते.

मी काकांचे पाय धरायला गेले, तर त्यांनी ते मागे घेतले. "मले काय करून राहिली? मी त्याचा हात पाहून राहिलो होतो." मी म्हटलं, "मंग मी कशी दिसली तुमाले?" ते म्हणाले, "एकाकडं पाहायचं म्हणजे बाकीच्यांसाठी आंधळं व्हायचं असं कोण म्हटलं तुले?" आणि जेवायला बसले. त्यावर पुढे काही विचारायची सोय नव्हती.

त्यानंतर यादी सुटली असं नाही, मी काही संत झाले नाही. फोन अजूनही पाहते. पण प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, जिथे आपली सही असते, तिथे मी पेन्सिलीनं एक नाव लिहायला लागले. छापताना ते पुसायचं. ध्यान भटकलं की त्या कोपऱ्याकडे बघायचं. माझी नोकरी टिकली, पुढे वाढली. बाबा आता नातेवाइकांना फोन करून माझं काम समजावून सांगतात, चुकीचं सांगतात, पण सांगतात.

काका कारखान्यातून गेले ते असे. एका दुपारी चालू शिफ्टमध्ये ते क्रेन बंद करून शिडीवरून उतरले, डब्यातून फोन काढला आणि मालकांना म्हणाले, "आज मले खेमलालचा हात उशिरा दिसला." काही झालं नव्हतं. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मालक अक्षरशः हात जोडायला लागले. मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करून या, महिनाभर थांबतो. का सोडता म्हणून पुन्हा पुन्हा विचारत राहिले. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मीच मले थांब म्हटलं. आता मलेच कावून विचारता?"

मालकांनी जोडलेले हात खाली घेतले. अट त्यांनीच मान्य केली होती.

गेल्या हिवाळ्यात मी उतईला त्यांच्याकडे गेले. ऑपरेशन झालेलं होतं, डोळ्यांना छान दिसत होतं. ओट्यावर बसून वटाण्याच्या शेंगा सोलत होते. मला पाहून काकू आतून म्हणाल्या, "बोलू नको त्यांच्याशी माय, नाहीतर वटाणे होत नाहीत." मी शेजारी बसले आणि भीत भीत विचारलं, "काका, करमत नसेल न?"

शेंग परातीत ठेवली गेली. हात पुसले गेले. तोंड माझ्याकडे वळलं.

"चाळीस-पंचेचाळीस वर्षं माह्या खाली कोणी ना कोणी होतं," ते म्हणाले. "घरी जेवताना होतं, सपनात होतं. आता कोणीच नाही, पोरी. किती हलकं वाटते, काय सांगू तुले!" आणि ते हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "अन् तुह्या? आज खाली कोण आहे?"

मी नाव सांगितलं. काय खाल्लं त्यानं, तेही सांगितलं. काकांनी मान हलवली आणि वटाणे पुन्हा हातात घेतले.